गोळ्या वाढल्या तरी बीपी उतरेना? एकदा थायरॉइडचीही तपासणी करून घ्या

बीपीची गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली. आधी एक होती, आता दोन झाल्या. गोळी चुकत नाही, पापड-लोणचं ताटातून गेलं, तरी उपकेंद्रात मशीन लावलं की खालचा आकडा ९६-९८ च्या आसपासच. त्यात अंग जड, सकाळी डोळ्यांखाली सूज, केस कंगव्यात येतात, आणि सगळ्यांना उकडत असताना हिलाच शाल लागते. घरचे म्हणतात वय झालं. शेजारीण म्हणते रक्त कमी असेल. मग डॉक्टर बदलतो, गोळी बदलते. अशी एखादी बाई आपल्याकडे कोणत्याही गावात सापडेल. तिच्या फाइलमध्ये ईसीजी असतो, साखरेचा रिपोर्ट असतो, कमरेचा एक्स-रे सुद्धा असतो. एक साधी रक्ततपासणी मात्र अनेकदा राहून गेलेली असते. ती म्हणजे टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी.

थायरॉइड म्हटलं की लोकांना वजन वाढणं आठवतं, फार तर पाळीची गडबड आठवते. बीपीशी त्याचा काही संबंध असेल हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. संबंध मात्र पक्का आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. थायरॉइड मंद झाली तरी बीपी बिघडतं, आणि जास्त पळाली तरी बिघडतं. फक्त बिघडण्याची तऱ्हा वेगळी असते, आणि ती कळली तर मशीनवरचे दोन आकडे बघूनच शंका घेता येते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. बीपीच्या शंभर रुग्णांपैकी नव्वदाहून जास्त जणांत कोणतंही एक ठराविक कारण सापडत नाही. वय, घराणं, मीठ, वजन, तंबाखू, ताण असं सगळं मिळून ते होतं. उरलेल्या थोड्या जणांत मात्र मागे दुसरा आजार दडलेला असतो. कुणाची किडनी, कुणाची किडनीवरची ग्रंथी, कुणाचं झोपेतलं घोरणं, आणि काहींची थायरॉइड. म्हणजे बीपी असलेल्या प्रत्येकाने थायरॉइडच्या नावाने घाबरून जायचं कारण नाही. पण ज्यांच्यात ती सापडते त्यांच्यासाठी ही बातमी चांगली आहे, कारण इथे बीपीच्या मुळावर इलाज करता येतो.

अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीपीचे ६८८ रुग्ण ओळीने तपासले होते. त्यातल्या २५ जणांची थायरॉइड मंद निघाली, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जरा वर. थायरॉइडची गोळी दिल्यावर त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा खालचा आकडा ताळ्यावर आला. हा आकडा दोन्ही अंगांनी वाचायला हवा. तिघांतल्या एकाचं काम झालं, आणि उरलेल्या दोघांना बीपीचे उपचार पुढेही लागले. थायरॉइडची गोळी सुरू झाली म्हणून बीपीची पट्टी परस्पर कचऱ्यात टाकणारे लोक आहेत, त्यांनी ही दुसरी बाजू लक्षात घ्यावी.

ग्रंथी आणि तिचा मुकादम

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. वजन वीसेक ग्रॅम, म्हणजे एखाद्या लिंबापेक्षाही कमी. ती दोन हार्मोन तयार करते, टी-४ आणि टी-३. टी-४ जास्त बनतं, पण ते साठ्यातल्या मालासारखं आहे. खरं काम टी-३ करतं. लिव्हर, किडनी वगैरे ठिकाणी टी-४ चं टी-३ होतं आणि मग ते शरीरभर लागू पडतं. हृदयाने किती वेगाने चालायचं, अंगात ऊब किती धरायची, अन्न किती वेगाने जाळायचं, आतडं किती हलवायचं, हे सगळं त्याच्यावर ठरतं.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्यूटरी नावाची दुसरी एक छोटी ग्रंथी लक्ष ठेवते. तिला मुकादम म्हणा. रक्तात थायरॉइडचा माल कमी पडला की मुकादम ओरडतो. त्या ओरडण्याचं नाव टीएसएच. माल जास्त झाला की मुकादम गप्प बसतो. म्हणून रिपोर्ट उलटा वाचावा लागतो. टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड मंद, आणि टीएसएच अगदी तळाला गेलं म्हणजे थायरॉइड जोरात. ‘माझं थायरॉइड वाढलंय’ असं सांगणाऱ्या बहुतेकांची थायरॉइड खरं तर कमी झालेली असते. वाढलेलं असतं ते टीएसएच. हा शब्दांचा घोळ छोटा वाटतो, पण डॉक्टर बदलताना आणि मेडिकलवर बोलताना त्याने चुकीची गोळी हातात पडू शकते. त्यामुळे तोंडी सांगण्यापेक्षा रिपोर्टचा कागदच दाखवलेला बरा.

टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ च्या आसपास धरतात. प्रत्येक लॅब आपली मर्यादा रिपोर्टवर छापते, तीच बघायची. वय वाढतं तसं टीएसएच थोडं वर सरकतं, तो आजार नसतो. सत्तरीच्या आजोबांचं टीएसएच ५.५ आलं म्हणून लगेच गोळी सुरू करायची गरज नसते, डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. त्याच वेळी टी-४ सुद्धा कमी असेल किंवा टीएसएच दहाच्या वर गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

हा आजार आपल्याकडे दुर्मिळ नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणी पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद आढळली होती. बायकांत प्रमाण जास्त. दुसरीकडे आयसीएमआरच्या २०२३ मधल्या देशव्यापी अहवालात बीपीचं प्रमाण ३५.५ टक्के आलं. दोन्ही आजार इतके पसरलेले असताना एकाच माणसात दोन्ही निघणं यात नवल काही नाही. कधी दोघांचा एकमेकांशी संबंध असतो, कधी नुसता योगायोग असतो. ते ठरवायला पुढचं समजून घ्यावं लागतं.

मोटर हळू, तरी प्रेशर जास्त कसं?

इथे सगळ्यांना एक प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. थायरॉइड मंद झाली की सगळं मंद होतं. नाडी मंद, हृदय मंद, पचन मंद. मग बीपी कमी व्हायला पाहिजे, वाढतं कसं?

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे लवकर कळेल. फिल्टरजवळच्या गेजवर जो काटा दिसतो तो फक्त मोटरच्या जोरावर ठरत नाही. पुढच्या नळ्या किती मोकळ्या आहेत यावरही ठरतो. लॅटरलमध्ये क्षार बसला, ड्रिपर चोंदले, की मोटर तीच असली तरी गेजचा काटा वर चढतो आणि झाडापाशी थेंब मात्र कमी पडतो. प्रेशर जास्त, पाणी कमी. मंद थायरॉइडच्या माणसात नेमकं हेच होतं.

टी-३ हे हार्मोन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल ठेवतं. ते कमी पडलं की या वाहिन्या आवळतात. वाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून एक वायू तयार होतो, नायट्रिक ऑक्साइड, जो त्यांना उघडायला मदत करतो. त्याचंही काम कमी होतं. आजार बराच वाढलेला असेल तर वाहिन्यांचा विरोध नेहमीच्या दीडपटीच्या आसपास जातो. त्याच वेळी हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त ३० ते ५० टक्क्यांनी घटू शकतं. म्हणजे मोटर खरंच हळू झाली, पण नळ्या त्याहून जास्त आवळल्या.

बीपीचे जे दोन आकडे असतात त्यातला वरचा हृदय आवळताना येतो आणि खालचा हृदय सैल असताना. खालच्या आकड्यावर वाहिन्यांच्या विरोधाचा जास्त प्रभाव असतो. म्हणून मंद थायरॉइडमध्ये वाढतो तो मुख्यतः खालचा आकडा. मशीनवर १४०/१०० किंवा १३६/९८ असं काहीतरी दिसतं. वरचा फार नाही, खालचा मात्र हट्टी. दोन आकड्यांतलं अंतर कमी होतं आणि नाडी साठच्या आसपास किंवा त्याहून खाली असते. बीपीची गोळी बदलून बदलून थकलेल्या माणसाच्या कार्डावर असे आकडे ओळीने दिसत असतील तर तिथे थांबून टीएसएच करायला हवं. अर्थात काही बीपीच्या गोळ्या, विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘लॉल’ येतं त्या, नाडी स्वतःच कमी करतात. तेव्हा कोणती गोळी चालू आहे हेही पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट किडनीत घडते. मंद थायरॉइडमध्ये शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. चेहरा सुजतो, पापण्या जड होतात, अंगठी घट्ट होते. या प्रकारचं बीपी मिठाला फार लवकर चिडतं. यात रेनिन नावाचा किडनीतला रस सहसा कमी असतो, त्यामुळे त्या वाटेने काम करणाऱ्या गोळ्यांचा जोर काही जणांत अपुरा पडतो. रुग्णाला वाटतं गोळी बोगस आहे. गोळी बोगस नसते, तिला जिथे काम करायचं ते कारणच वेगळं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे कोलेस्टेरॉल. थायरॉइड मंद झाली की लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, आणि वर्षानुवर्षं हे असंच राहिलं तर धमन्या कडक होत जातात. लवकर पकडलं तर वाहिन्या पुन्हा सैल होतात, म्हणजे गोळीने फरक पडतो. दहा-पंधरा वर्षं दुर्लक्ष झालं आणि धमन्याच कडक होऊन बसल्या की मग थायरॉइड सुधारूनही बीपी पूर्ण उतरत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात तिघांतल्या एकालाच पूर्ण फायदा का झाला, त्याचं एक कारण यातच शोधता येतं.

आणि एक कारण पुस्तकात मागे पडतं पण गावात फार पुढे आहे. मंद थायरॉइडने अंग दुखतं, पोटऱ्या भरून येतात, सांधे आखडतात. निंदणी-खुरपणीला जाणारी बाई रजा घेऊ शकत नाही. ती मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणते, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, आणि रोज घेते. या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, किडनीला त्रास देतात आणि बीपीच्या गोळीचा असर कमी करतात. म्हणजे थायरॉइडने बीपी वाढवलं, थायरॉइडनेच अंग दुखवलं, आणि त्या दुखण्यावरच्या गोळीने बीपी आणखी वाढवलं. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘दुसरं काही औषध चालू आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येतं, कारण दुखण्याची गोळी कुणी औषधात धरतच नाही. ती धरायला हवी.

थायरॉइड पळाली तर

उलट प्रकारात माल जास्त होतो. वाहिन्या सैलावतात, पण हृदय दुप्पट जोराने धावतं. त्यामुळे खालचा आकडा उतरतो आणि वरचा चढतो. १६०/६५ असं काहीतरी दिसतं. दोन आकड्यांत मोठं अंतर, नाडी बसल्या जागी शंभराच्या वर. भूक भरपूर पण वजन उतरतंय, हात कापतात, घाम फुटतो, झोप नाही, चिडचिड, दिवसातून तीन-चारदा शौचाला. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. या प्रकारातल्या सर्वात जास्त आढळणाऱ्या आजाराला ग्रेव्हज डिसीज म्हणतात. आयर्लंडच्या रॉबर्ट ग्रेव्हज या डॉक्टरांनी १८३५ साली त्याचं वर्णन केलं होतं. तरण्या पोरीत ही लक्षणं दिसली की ‘टेन्शन घेते’ म्हणून सोडून देतात, कधी बाहेरची बाधा म्हणून अंगारा-धुपारा होतो, आणि सहा महिने असेच जातात.

म्हाताऱ्या माणसात तर ही लक्षणं दिसतही नाहीत. हात कापत नाहीत, डोळे मोठे होत नाहीत. नुसतं वजन उतरतं, थकवा येतो आणि नाडी वेडीवाकडी चालते. मनगटावर बोटं ठेवली तर ठोके समान पडत नाहीत, एक लवकर, एक उशिरा. असं असेल तर ईसीजी लगेच काढायला हवा, कारण हृदयाच्या अशा चालीत आत रक्ताच्या गुठळ्या होऊन लकवा मारू शकतो.

इथे कार्बिमॅझोलसारखी गोळी ग्रंथीचा जोर कमी करते, आणि सुरुवातीचे काही आठवडे हृदय शांत ठेवायला प्रोप्रानोलॉल देतात. दमा असलेल्याने प्रोप्रानोलॉल घ्यायची नसते, ते डॉक्टरांना आधीच सांगावं. कार्बिमॅझोल चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला तर ती गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. या गोळीने क्वचित त्या पेशी एकदम कमी होतात. असं क्वचितच होतं, पण साधा ताप म्हणून अंगावर काढला तर जिवावर बेततं. या प्रकारात थायरॉइड आटोक्यात आली की वरचा आकडा बहुधा आपोआप खाली येतो.

मिठाचा पेच

बीपी झालं की सगळे सांगतात मीठ कमी करा. थायरॉइड झाली की सांगतात आयोडीनचं मीठ खा. मग ताटात काय वाढायचं, असा प्रश्न घरातल्या बाईपुढे पडतो.

हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. कारखान्यातून निघताना मिठात ३० पीपीएम आणि घरी पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम आयोडीन असावं असा आपला नियम आहे. म्हणजे एक ग्रॅम मिठात १५ ते ३० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, तोही भाजी, आमटी, भाकरी, लोणचं सगळं धरून. तेवढ्या मिठातून ७५ ते १५० मायक्रोग्रॅम मिळतं. उरलेलं दूध, अंडी, मासे यांतून येतं. म्हणजे मीठ कमी करायचं, पण जे खायचं ते आयोडीनचं खायचं. दोन्ही सल्ल्यांत भांडण नाही.

भांडण लावलंय ते सैंधवाने. गुलाबी मीठ बीपीला चांगलं, असं मोबाईलवर फिरतं आणि लोक दुप्पट-तिप्पट पैसे देऊन आणतात. सैंधव हेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. बीपीला त्याचा फायदा नाही, आणि त्यात वरून आयोडीन घातलेलं नसेल तर थायरॉइडला तोटा. खडे मिठाचंही तेच. जनावरांसाठी आणलेलं खडे मीठ स्वस्त पडतं म्हणून स्वयंपाकात वापरणारी घरं अजून आहेत. कमी सोडियमचं पोटॅशियमवालं मीठ बीपीला मदत करतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

आपल्या देशात आयोडीनच्या मिठाची गोष्ट हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातून सुरू होते. तिथे गलगंड फार. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याच्या काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ पुरवून पाहिलं आणि गलगंड उतरत गेला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आज गळ्याला गाठ आलेली मुलं क्वचित दिसतात ती त्या कामामुळे. पण म्हणून असं समजू नये की आयोडीनचं मीठ खाल्लं म्हणजे थायरॉइड होणारच नाही. आता शहरात काय नि खेड्यात काय, मंद थायरॉइडचं मोठं कारण वेगळं आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. याला हाशिमोटो म्हणतात, जपानच्या डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याला मिठाने काही होत नाही, गोळीच घ्यावी लागते. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या असले प्रकार तर करूच नयेत. गरजेपेक्षा जास्त आयोडीन गेलं तरी ग्रंथी बिघडते.

बाजरीबद्दलही बरीच विचारणा होते. बाजरीत असे काही घटक असतात जे थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, हे सुदानच्या दारफूर भागातल्या अभ्यासांत दिसलं होतं. पण तिथे लोकांच्या पोटात बाजरी जास्त आणि आयोडीन फार कमी होतं. घरात आयोडीनचं मीठ असेल तर थंडीतली बाजरीची भाकरी सोडायचं कारण नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ला तर त्याचीही भीती नको.

गोळी घेताना होणाऱ्या चुका

मंद थायरॉइडवरचा उपचार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८९१ साली जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईला बरं केलं. ती पुढे २८ वर्षं जगली. आता मेंढीची गरज राहिली नाही. थायरॉक्सिन नावाची छोटी गोळी मिळते, २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीची, आणि ती महागही नाही.

गोळी सोपी आहे, पण घेण्याची पद्धत चुकली की वाया जाते. सकाळी उठल्याबरोबर, उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नाही. आपल्याकडे घोडं इथेच अडतं. पहाटे धारा काढायला उठणाऱ्या माणसाला चहा आधी लागतो. अशांना डॉक्टर कधी कधी रात्री झोपताना, जेवणानंतर तीनेक तासांनी घ्यायला सांगतात, ते विचारून घ्यावं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मिळतात त्या दुपारी जेवणानंतर ठेवाव्यात. बीपीची गोळी सहसा चहा-नाश्त्यानंतर घेता येते. गोळ्यांची बाटली ओलसर जागी किंवा चुलीजवळच्या फडताळात ठेवायची नाही.

असर दिसायला वेळ लागतो. ही गोळी शरीरात आठवडाभर रेंगाळते, म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडणं चूक, आणि वजन उतरावं म्हणून मनाने डोस वाढवणं तर त्याहून मोठी चूक. जास्त डोस म्हणजे पळालेली थायरॉइडच. छाती धडधडते, वरचा आकडा चढतो, हाडं ठिसूळ होतात. हृदयाचा जुना त्रास असलेल्या किंवा वयस्कर माणसाला डॉक्टर अगदी थोड्या डोसपासून सुरुवात करतात. वर्षानुवर्षं हळू चाललेल्या मोटरला एकदम पूर्ण भार दिला तर छातीत दुखू शकतं. शेजाऱ्याची शंभरची गोळी आपल्या आजीला द्यायची नाही ती यासाठीच.

थायरॉइड सुधारत जाईल तसं बीपी खाली येऊ शकतं, आणि बीपीच्या जुन्या डोसवर मग चक्कर येते. वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी मोजून तो आकडा डॉक्टरांना दाखवायचा, ते डोस कमी करतील. आपण होऊन बंद करायचं नाही. थायरॉइड फार मंद असलेल्या वयस्कर माणसाला लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम उतरण्याचीही भीती असते. असंबद्ध बोलणं, फार सुस्ती दिसली तर थांबू नये.

तपासणी कुठे आणि कशी

टीएसएच खासगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. पण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारावं, नमुना तिथेच घेऊन पुढे पाठवण्याची सोय असेल तर पैसे वाचतात. उपाशी राहायची सक्ती नाही. केस वाढवण्याच्या बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो. हृदयासाठी अमिओडॅरोन किंवा मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर थायरॉइड अधूनमधून तपासावीच लागते, ही दोन्ही औषधं तिला बिघडवू शकतात.

बीपीही नीट मोजलं पाहिजे. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरून, उन्हातून चालत येऊन लगेच हात पुढे केला तर आकडा जास्तच येणार. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी नको, हात छातीच्या उंचीवर टेकलेला हवा, आणि दोनदा मोजायचं. कार्डावर दोन्ही आकड्यांबरोबर नाडीचा आकडाही लिहून घ्यायचा. डिजिटल मशीन तो दाखवतंच, पण कार्डावर तो बऱ्याचदा लिहिलेला नसतो. थायरॉइडची शंका घ्यायला मात्र तोच सर्वात जास्त उपयोगी पडतो.

गरोदर बायांच्या बाबतीत उशीर चालत नाही. थायरॉइड मंद राहिली तर बाळंतपणातलं बीपी वाढण्याचा धोका वाढतो आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवरही परिणाम होतो. ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांना दिवस राहिल्यावर साधारण चौथाई ते निम्म्याने जास्त डोस लागतो. म्हणून पाळी चुकली की नोंदणीसाठी तिसऱ्या महिन्याची वाट न बघता आशाताईंना सांगून त्याच आठवड्यात टीएसएच करून घ्यावं, आणि थायरॉइडच्या गोळीची बाटली सोबत न्यावी, म्हणजे डोस किती चालू आहे ते सिस्टरना नेमकं लिहिता येतं.